एकाच चेहऱ्यावरची दोन तऱ्हेची पील्स: कोथरूडच्या एका मुलीची पूर्ण केस

एकाच चेहऱ्यावर, एकाच वर्षात, आधी पार्लरमध्ये आणि मग माझ्या क्लिनिकमध्ये पील, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलवणारं ॲसिड लागलं आणि निकाल अगदी उलटे आले, म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. एप्रिलमध्ये पार्लरमध्ये केलेल्या पीलने दोन्ही गालांच्या हाडांवर काळपट चट्टे उठले, आणि जुलैपासून क्लिनिकमध्ये पील्स केली तेव्हा त्याच चेहऱ्यावरचे डाग बऱ्यापैकी उतरले. हे ऐकलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, मग तुम्ही कुठलं वापरलं? उत्तर देईनच पुढे, पण माझ्या मते बाटलीचं नाव हा या गोष्टीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. पील लागलं त्या दिवशी ती त्वचा कुठल्या अवस्थेत होती आणि पुढचे आठ-दहा दिवस तिच्याशी कोण कसं वागलं, निकाल त्यावर ठरला. मुलीच्या परवानगीने लिहितेय, नाव बदललंय, तिला मृणाल म्हणू.

मृणाल २६ वर्षांची, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीला. रोज गाडीवरून चांदणी चौक, बावधन करत जायचं, चेहऱ्याला पुण्याच्या मुली बांधतात तसा घट्ट स्कार्फ, वर हेल्मेट. कॉलेजपासून पिंपल्स, त्यातही हनुवटी आणि जबड्याच्या कडेला जास्त, पाळीच्या आधी हमखास नवीन गाठी, आणि पाळी स्वतःच कधी पस्तीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी. पिंपल बसला की तिथे तपकिरी डाग राहायचा, आणि खरा त्रास तिला त्या डागांचाच होता. "पिंपल आठ दिवसांत जातो मॅडम, डाग सहा महिने तोंड दाखवतो," हे तिचं वाक्य, आणि आपल्याकडच्या त्वचेबद्दल ते बरोबरच आहे. आपली बहुतेकांची त्वचा फिट्झपॅट्रिकच्या, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या मोजपट्टीवर चार-पाच नंबरची, म्हणजे रंगपेशी जाग्याच असतात, जरा कुठे सूज आली, घासलं, भाजलं की लगेच जास्तीचा रंग तयार करतात. हा रंग वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत उतरतो. खालच्या थरात झिरपला की राखाडी-निळसर दिसतो आणि मग वर्ष-वर्ष हलत नाही, तिथपर्यंत साधं पील पोचतच नाही.

आता एप्रिलच्या आधीचं, कारण घोळ तिथून सुरू झालाय. ऑफिसमधल्या मैत्रिणीने एक क्रीम सांगितलं, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालं, रात्री लावायचं. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, पिंपल्स बसले, सगळे म्हणायला लागले काय लावतेस गं. ट्यूबवर बारीक अक्षरात तीन नावं होती, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं पहिलं डाग फिके करणारं, दुसरं त्वचेचा वरचा थर पातळ करणारं, आणि तिसरं स्टेरॉइड. मुळात असली तिहेरी औषधं वांगासाठी, थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची असतात. ही जवळजवळ वर्षभर रोज लावत होती. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून पिंपल बसल्यासारखा वाटतो, पण आतून त्वचा पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि क्रीम दोन दिवस बंद केलं की चेहरा लाल होऊन भणभणतो, एकसारखे दाणे एकदम उठतात. मग माणूस घाबरून परत तेच लावतो. आपल्या देशात हे इतकं आहे की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच २००८ मध्ये याला वेगळं नाव दिलं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे कागदावर चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

साखरपुडा एप्रिलच्या शेवटी होता. क्रीम चालूच होतं आणि तरी डाग काही पूर्ण जाईनात, म्हणून आठवडाभर आधी पार्लरमध्ये गेली. तिथे ग्लायकोलिक पील केलं. तिला आठवतंय की बाटलीवर ७०% लिहिलं होतं आणि बाटली ऑनलाइन मागवलेली होती. पार्लरवाल्या ताईने चांगल्या मनानेच केलं असणार, "थोडं चुरचुरेल, सहन कर, जितकं चुरचुरेल तितका रिझल्ट" असं म्हणत ठेवलं, किती मिनिटं ते धड कुणालाच सांगता आलं नाही. ग्लायकोलिकचा रेणू अगदी छोटा, भराभर आत जातो, आणि आपणहून थांबत नाही, वेळ झाली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने नाहीतर भरपूर साध्या पाण्याने थांबवावं लागतं. इथे ओल्या कापसाने पुसून वर फेसपॅक लावला. शिवाय टक्के एवढंच पाहून चालत नाही, पीएच म्हणजे आम्लतेचं माप किती आहे ते बघावं लागतं, तो जितका कमी तितकं ॲसिड जहाल, आणि बफर न केलेलं म्हणजे सौम्य न केलेलं ७०% ग्लायकोलिक एकच्या आसपास पीएचचं असू शकतं आणि ती गोष्ट ब्यूटी प्रॉडक्ट राहत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरच्या वापरासाठी १०% आणि पीएच निदान साडेतीन, तर पार्लरसाठी ३०% आणि पीएच निदान तीन अशी मर्यादा सांगितलीये, आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांना सरळ बजावलं की तीव्र पील्स ऑनलाइन घेऊन घरी लावू नका. आपल्याकडे ती बाटली दोन दिवसांत दारात येते.

तर म्हणजे काय झालं बघा, वर्षभर स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा, आदल्या रात्रीपर्यंत ट्रेटिनॉइन लावलेलं, जबड्यावर चालू पिंपल्स, एप्रिलचं ऊन, आणि त्यावर ७०%. त्याच रात्री आग, दुसऱ्या दिवशी गालाच्या हाडांवर तपकिरी खपल्या. साखरपुड्याचे फोटो जाड मेकअपखाली उरकले.

माझ्याकडे आली मेमध्ये, आई बरोबर. आईंचा पहिला प्रश्न, "डॉक्टर, डिसेंबरात लग्न आहे, तोवर चेहरा स्वच्छ होईल ना? नाहीतर दुसरं चांगलं पील करून टाका." मी म्हटलं काकू, आत्ता मी काहीच करून टाकणार नाहीये. हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. फी भरून आलेल्या माणसाला काही न करण्याचा सल्ला पटवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, हे जाता जाता सांगते.

तपासणीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि त्या सुट्या करणं गरजेचं होतं. एक, चालू पिंपल्स, हनुवटी-जबड्यावर लाल दाणे, कपाळावर बारीक बंद दाणे, नाकावर ब्लॅकहेड्स. दोन, डाग, त्यातही पिंपलचे तपकिरी ठिपके वेगळे आणि पीलने भाजलेले गालावरचे चट्टे वेगळे. वुड्स लॅम्प म्हणजे अतिनील दिव्याखाली बघितलं तर ठिपके उठून दिसले, म्हणजे रंग वरच्या थरात, पण उजव्या गालाच्या चट्ट्याचा मधला भाग काही उठला नाही. सावळ्या त्वचेत हा दिवा नेहमी खरं बोलतोच असं नाही, पण नुसत्या डोळ्यांनाही तो भाग राखाडीच दिसत होता. तीन, कानशिलाजवळ दोन-तीन खड्डे, जुने. खड्डा म्हणजे डाग नाही, तिथे आतला आधार गेलेला असतो, हलक्या पीलने तो भरत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण सहा महिन्यांनी "खड्डे गेलेच नाहीत" हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

आणि चौथी गोष्ट बोलून झाली ती गोरेपणाची. आईंच्या मनात ते होतंच, त्यांनी नाव घेतलं नाही इतकंच. मी मृणालचा हात उलटा करून दंडाची आतली बाजू दाखवली. हा तुझा रंग. चेहरा फार फार तर इथपर्यंत येईल, याच्या पुढे नेणारं जे काही असेल त्यापासून लांब राहायचं. मृणाल हसली, आई नाही हसल्या.

पहिले पाच-सहा आठवडे म्हणजे नुसती डागडुजी. ते क्रीम बंद. साधा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, खपलीवर पेट्रोलियम जेली, आणि सनस्क्रीन. बंद केल्यावर चेहरा भडकणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता फोटो आला, "मॅडम बघा काय झालंय." भडकलेल्या चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस मलम दिलं, ते लावल्यावर पहिले काही दिवस स्वतःच चुरचुरतं, पण ते स्टेरॉइड नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन, जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही कारण ती अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. ही गोळी पिंपलला चालते आणि स्टेरॉइड सोडल्यावरच्या दाण्यांनाही. पण तीन महिन्यांच्या पुढे न्यायची नाही, आणि तिने ऊन जास्त बाधतं, म्हणून ऑगस्ट उजाडायच्या आत संपवायची असं ठरवूनच सुरू केली. आयसोट्रेटिनॉइनचा विचार मनात आला होता. पिंपल्ससाठी ते जबरदस्त औषध आहे, पण पोटातल्या बाळाला भयंकर घातक, औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भ राहता कामा नये, आणि इथे लग्न तोंडावर. दोघींशी बोलून बाजूला ठेवलं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफी आणि रक्त तपासून पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा त्रासच निघाला, त्याची ट्रीटमेंट तिकडून चालू झाली. हे केलं नसतं तर मी वरून काय वाटेल ते लावलं असतं तरी जबड्यावर दर महिन्याला नवीन गाठ आलीच असती आणि तिचा नवीन डाग. डागांवर पील मागायला येणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलींचे पिंपल्स चालूच असतात, आणि नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला हा प्रकार आहे.

स्कार्फबद्दल थोडं. पुण्यात स्कार्फ सोडा म्हटलं तर कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये, ऊन आणि धूळ दोन्हीपासून तो वाचवतोच. पण तोच स्कार्फ आठवडाभर न धुता, घामाने ओला, हनुवटीवर घट्ट ताणून, वर हेल्मेटचा पट्टा, म्हणजे जबड्यावरच्या पिंपल्सला आणखी एक कारण. सैल सुती स्कार्फ, रोज धुतलेला, चार ठेव. आणि स्कार्फ आहे म्हणून सनस्क्रीन नको हे चालणार नाही. एसपीएफ ५० चं, रंग असलेलं म्हणजे आयर्न ऑक्साइडवालं दिलं, कारण डागांना नुसतं अतिनील ऊनच नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेडही गडद करतो. प्रमाण दोन बोटं भरून, चेहरा आणि मान मिळून. ती आधी लावत होती ते हरभऱ्याच्या डाळीएवढं.

कपाळावरचे बारीक दाणे मात्र तेलाने होते. आई दर शनिवारी डोक्याला खोबरेल थापायच्या आणि ते रात्रभर ओघळत कपाळावर यायचं. तेल धुवायच्या आधी तासभर लाव म्हटलं, तर आईंनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

जूनच्या मध्यावर लाली गेली, चट्ट्यांवरची कातडी शांत झाली, तेव्हा तयारी सुरू केली. याला आम्ही प्रायमिंग म्हणतो आणि सावळ्या त्वचेत हा भाग वगळून पील करणं मला पटतच नाही. रात्री अडापॅलीन ०.१%, ट्रेटिनॉइनच्याच जातीचं पण सौम्य, आधी एकाआड एक दिवस, सकाळी डाग आणि पिंपल दोन्हींना चालणारं ॲझेलेइक ॲसिड, पिंपल्सवर बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के, आणि सनस्क्रीन. प्रायमिंगला बरेच जण हायड्रोक्विनोन देतात, चांगलं काम करतं, पण हिने आधीच वर्षभर लावलेलं, जास्त काळ वापरलं तर उलट निळसर-काळा रंग बसू शकतो, म्हणून नाही दिलं. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो हे सांगूनही घरातल्या दोन नव्या टॉवेलांचा बळी गेलाच. चार आठवडे हे चाललं. याचा फायदा असा की वरचा थर एकसारखा पातळ होतो, पील सगळीकडे सारखं उतरतं, रंगपेशी जरा शांत होतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंट रोज सनस्क्रीन लावतोय की नाही ते कळतं. जो चार आठवडे सनस्क्रीन लावू शकत नाही त्याला मी पील करत नाही.

आता बाटली. सॅलिसिलिक ॲसिड २०% पासून. कारण सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बंद झालेल्या छिद्रात शिरतं, ब्लॅकहेड आणि बंद दाणे सुटे करतं, शिवाय सूजही कमी करतं. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं आणि चेहऱ्यावर पांढरी पावडर बसल्यासारखी दिसते, मग ते आपणहून थांबतं, ग्लायकोलिकसारखं मिनिट-मिनिट मोजत बसावं लागत नाही. हिच्यासाठी दुसरा पर्याय मँडेलिकचा होता, कडू बदामातून सापडलेलं ॲसिड, रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचा, म्हणून हळू आणि सारखं आत जातं. या दोघांचं मिश्रणही मिळतं, आपल्याकडे त्याची ३५% ग्लायकोलिकशी तुलना झालीये आणि चालू पिंपल्स आणि डाग दोन्हींत मिश्रण सरस ठरलंय. ही काही नवी विद्या नाही, सॅलिसिलिक, टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड), फिनॉल यांचं वर्णन हॅम्बुर्गच्या उन्ना नावाच्या डॉक्टरने १८८२ मध्येच करून ठेवलंय, आणि आजीचा दही-बेसन म्हणजे अगदी सौम्य लॅक्टिक ॲसिडच की. आईंना हे सांगितल्यावर मात्र त्यांचा माझ्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

करण्याआधी ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, ओठावर ताप उतरल्यासारखी पुरळ वरचेवर येते का, पाळी चुकलीये का हे विचारलं. पहिली असेल तर सॅलिसिलिक नाही, दुसरी असेल तर आधी अँटिव्हायरल गोळी, तिसरं तर उघडच आहे. कानामागे थोडं लावून ठेवलं, दोन दिवस बघितलं. अडापॅलीन चार दिवस आधी बंद, थ्रेडिंग-वॅक्सिंग-ब्लीच आठवडाभर आधी बंद.

जुलैच्या शेवटी पहिलं झालं. चेहरा स्पिरिटने पुसून तेल काढलं, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांची वळणं, ओठ इथे जेली, डोळ्यांवर ओलं गॉज, समोर पंखा. कपाळापासून सुरुवात, मग गाल, हनुवटी शेवटी. गालाचे चट्टे मुद्दाम सोडले. पहिली दीड-दोन मिनिटं चांगलंच चुरचुरतं, मग सॅलिसिलिकनेच जरा बधिर होतं. तीन मिनिटांनी गार पाण्याने धुतलं. तिला वाटलेलं खूप काहीतरी होईल. "एवढंच?" म्हणाली. एवढंच. तिसऱ्या दिवशी नाकाच्या बाजूला बारीक पापुद्रे, पाचव्या-सहाव्या दिवशी साफ. पावसाळा असल्याने उन्हाचाही फारसा प्रश्न नव्हता, खरं तर पुण्यात पील सुरू करायला जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही.

दुसरं ऑगस्टच्या मध्यावर, २०%च, चट्ट्यांच्या कडांवरही हलकं. कपाळ जवळपास साफ झालेलं, नवीन पिंपल्स महिन्याला एखाद-दुसरा. आणि इथे गणपती आले.

मृणाल ढोल पथकात आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. नदीपात्रात संध्याकाळी सराव, म्हणून दुसऱ्या पीलनंतर तीन दिवस सरावाला दांडी मारायला सांगितली होती ती तिने मारली, कारण घाम पापुद्र्यांवर झोंबतो. पण आता तिला सप्टेंबरमध्ये गणपतीच्या चार दिवस आधी तिसरं हवं होतं, फोटोत ग्लो दिसावा म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापुद्रे निघत असताना ही अख्खा दिवस लक्ष्मी रोडवर उन्हात ढोल वाजवणार, घाम, वर गुलाल. नाही म्हटलं. तिने बरीच घासाघीस केली, दुसरीकडून करून घेईन म्हणाली, मी म्हटलं घे, आणि ऑक्टोबरात परत मेसारखा चेहरा घेऊन ये. नाही गेली. विसर्जनाला टोपी, सनस्क्रीनची काडी खिशात, दर दोन-अडीच तासांनी फिरवत होती असं तिचं म्हणणं, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते त्यामुळे माझा अर्धाच विश्वास आहे. डाग एक छटा गडद झाले, तीन-चार नवीन पिंपल्स. एवढ्यावर निभावलं.

तिसरं सप्टेंबरअखेर, या वेळी ३०%. क्लिनिकमध्ये सगळं व्यवस्थित. पण चौथ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हिने ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळचा लोंबणारा पापुद्रा ओढला, तो निघता निघता ओली कातडी घेऊन आला. नंतर सांगत होती की हात आपोआप जातो. जात असेलही. खालची कातडी तयार नसताना वरची काढली की ती उघडी जखमच असते. त्यात ऑक्टोबरचं ऊन, नवरात्राचे रात्री-अपरात्रीचे कार्यक्रम. आठवड्यात तिथे चिंचोक्याएवढा काळपट डाग.

आई एकट्या आल्या आणि चांगल्याच भडकल्या होत्या. "पार्लरवालीने एक डाग दिला, तुम्ही दुसरा." यावर मी काही फार बोलले नाही, चार दिवस हलकं हायड्रोकॉर्टिसोन दिलं, हो, स्टेरॉइडच, पण सौम्य, मोजून चार दिवस, सूज उतरेपर्यंत, आणि मग परत ॲझेलेइक. काकूंना समजावलं की या डागाचा रंग तपकिरी आहे, राखाडी नाही, जाईल. आणि लग्नापर्यंत आता पील नाही. नोव्हेंबरमध्ये एक शेवटचं करायचं मूळ वेळापत्रकात होतं, ते खोडून टाकलं. लग्नाच्या आधी तीन-चार आठवडे तरी चेहऱ्यावर नवीन काही करायचं नसतं, आणि हिचा चेहरा एकदा चिडला की किती दिवस घेतो हे आता कळलं होतं. यावर दोघी मायलेकी आधी नाराज, मग केळवणांच्या धावपळीत विसरल्या. केळवणाच्या श्रीखंड-जिलेबीबद्दल मला विचारलं तेव्हा मी गोड कमी खा म्हटलं, साखर आणि पिंपलचा संबंध आहे थोडाफार, पण पुण्यात केळवणाला जिलेबी नको म्हणणं कुणाला जमलंय.

हळदीचं मात्र आधी ठरवून घेतलं. नुसत्या हळदीने फारसं काही होत नाही, त्यात लिंबू, दही आणि बाजारचं कसलंतरी उटणं मिसळून चेहऱ्यावर चोळतात तो प्रॉब्लेम. हात, पाय, मान इथे हवी तेवढी, गालाला फक्त बोट टेकवायचं, आणि अडापॅलीन पाच दिवस आधी बंद. मावश्या ऐकणार नाहीत म्हणून नवरदेवाकडच्या मोठ्या वहिनींना मध्ये घातलं म्हणे. मुंडावळ्यांची दोरी कपाळावर घासते तिथे आधी थोडं मॉइश्चरायझर.

डिसेंबरमध्ये लग्नाच्या आठ दिवस आधी फोटो काढले, मेमध्ये काढले होते त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बंद करून. पिंपल्स जवळपास नाहीत. ठिपके बहुतेक गेले, राहिले ते जवळून बघितलं तरच. ओठाजवळचा ऑक्टोबरचा डाग निम्म्याच्या वर फिका. डाव्या गालाचा चट्टा शोधावा लागतो. उजव्या गालाचा राखाडी भाग कडांनी लहान झालाय, पण मध्य मेमध्ये होता तसाच, हललेला नाही. खड्डे जिथल्या तिथे.

यात पीलचा वाटा किती? माझा प्रामाणिक अंदाज, लहान. ते क्रीम सुटणं, डॉक्सिसायक्लिन, पीसीओडीची ट्रीटमेंट, अडापॅलीन आणि रोजचं दोन बोटं सनस्क्रीन यांनीच हा चेहरा सुधारला. तीन पील्सनी कपाळावरचे बंद दाणे लवकर मोकळे केले आणि ठिपक्यांचे एखाद-दोन महिने वाचवले, आणि त्यातल्या तिसऱ्याने एक नवा डागही दिला. हे सगळं एकाच वेळी चालू असल्याने कशाने किती हे सुटं करता येत नाही, पण पील न करता बाकी सगळं केलं असतं तर हा चेहरा फेब्रुवारीत इथे पोचला असता असं मला वाटतं, आणि बाकी काही न करता नुसती पील्स केली असती तर एप्रिलच परत झाला असता. लग्न डिसेंबरात होतं म्हणून ते दोन महिने तिच्या दृष्टीने मोलाचे होते, हेही खरं. ज्याच्या दारात कुठला समारंभ नाही त्याने पैसे आणि आग दोन्ही वाचवावेत.

लग्नानंतर जानेवारीत येऊन गेली. वर्षभरात मूल होऊ द्यायचा विचार आहे म्हणाली, म्हणून अडापॅलीन आताच हळूहळू बंद करतोय, ॲझेलेइक आणि सनस्क्रीन चालू राहील, ती दोन्ही गरोदरपणातही चालतात. सॅलिसिलिकचं पील पुन्हा करायचं झालं तर मूल ठरवायच्या आधी, नंतर नाही. खड्ड्यांसाठी टीसीएचा थेंब प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी टोकदार काडीने लावायची एक पद्धत आहे, सावळ्या त्वचेत जपून करावी लागते, तिला माहिती दिलीये, अजून ठरलेलं नाही. राखाडी डागाला मी हात लावणार नाही असं सांगितलंय. सासूबाईंनी म्हणे एक लेझरवाला सुचवलाय. त्याच्याकडे जायच्या आधी मला मशीनचं नाव पाठव एवढं बजावून ठेवलंय.